रोज एक, जेवणाबरोबर

प्रिय गोळीबाई,

या नावाने तुला हाक मारणारे तुझे सासरे आता नाहीत आणि तूही या घरात नाहीस. तरी मला दुसरं संबोधन सापडेना. 'सूनबाई' लिहून पाहिलं, ते आता कागदोपत्री बरोबर नाही. नुसतं नाव लिहिलं तर बँकेतून आल्यासारखं दिसलं. परवा आलेलं तुझं पत्र 'आदरणीय बाई' म्हणून सुरू होतं. दोन शब्दांत तू मला उंबऱ्याबाहेर उभं केलंस. मी रागावले नाही. पुढच्या पाच ओळी वाचल्या आणि ते कोणत्या मनाने लिहिलंस ते कळलं. तू लिहितेस, गोळ्यांच्या पुडक्यातल्या चिठ्ठीवर माझ्या हातून एकच्या जागी दोन लिहिलं गेलं असावं. तसं आठवत नाही, पण आता कशाचीच खात्री वाटत नाही. म्हणून औषधांच्या दुकानाचा काउंटर सोडला आणि मालकांना सांगून मागे गोदामात खोकी लावायचं काम मागून घेतलं. शेवटी 'क्षमस्व'. अकरा वर्षं लोकांच्या हातात बरोबर गोळी देणारी बाई आता खोकी लावते, आणि ते माझ्यामुळे. फोन मी मुद्दाम केला नाही. फोनवर तू 'असू दे' म्हणाली असतीस आणि तेवढ्यावर विषय संपला असता. हे कागदावरच व्हायला हवं.

आधी तब्येतीचं सांगते, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील. मी बरी आहे. आठ दिवस हॉस्पिटलात होते, आता घरी येऊन बारा दिवस झाले. रक्तात कॅल्शियम फार वाढलं होतं आणि डाव्या बाजूला मुतखडा निघाला, तो सलाइन आणि पाण्यावर पडून गेला. खाट खिडकीजवळ होती. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, फार भराभर बोलतात आणि बोलून झालं की पेनाचं टोपण चावतात. शेवटच्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवून समजावलं. कॅल्शियम आधी ताटातून घ्यायचं. ताटातलं, गोळीतलं, आणखी कुठून येत असेल ते, असं सगळं मिळून किती होतं ते बघायचं. एका वेळी फार घेतलं तर ते हाडांत जात नाही, भलतीकडे जातं. थायरॉइडच्या गोळीपासून लांब ठेवायचं. ड जीवनसत्त्व मनाने वाढवायचं नाही, रक्त तपासून ठरवायचं. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, ही बाई आमच्या कपाटाच्या दारावरचा कागद कधी वाचून आली.

तो कागद अजून तिथेच आहे. चिकटपट्टी पिवळी पडली आहे. माझं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, हाडं विरळ झाली आहेत असा रिपोर्ट आला, त्या आठवड्यात तू तो लिहिलास. त्याआधी चार दिवस तू मला गोळीच दिली नाहीस. मी काय खाते ते लिहून घेत होतीस. दूध किती, दही किती, पालेभाजी कितीदा, तीळ कधी. माझ्या मागे मागे वही घेऊन फिरायचीस. मग म्हणालीस, अर्ध्याहून जास्त ताटातून मिळतंय, उरलेलं तेवढं गोळीने भरायचं. मी म्हटलं, म्हणजे ठिगळ. तू म्हणालीस, हो आई, ठिगळच. ठिगळाचं पांघरूण करायचं नाही. मग वेळा लिहिल्यास. थायरॉइडची सकाळी उठल्याबरोबर, नुसत्या पाण्याशी. कॅल्शियमची तिच्यानंतर निदान चार तासांनी, म्हणजे दुपारी, जेवणाबरोबर. लोहाची आणखी उशिरा, संध्याकाळी, कारण या दोघी एकत्र आल्या की एक दुसरीला आत जाऊ देत नाही. तुझे सासरे पेपर खाली करून म्हणाले, म्हणजे या जावा-जावा दिसतात, एका वेळी स्वयंपाकघरात नकोत. तू म्हणालीस, बाबा, जावा बऱ्या, त्या निदान सणासुदीला बोलतात. ते इतके हसले की चहा सांडला. त्या दिवसापासून तू गोळीबाई.

मला तू आवडायला लागलीस ते मात्र त्याच्याही आधी, कात्रीमुळे. लग्नानंतर तिसऱ्या का चौथ्या दिवशी तू गोळ्यांची पट्टी कापत होतीस. लोक पट्टी कशीही तोडतात आणि मुदतीची तारीख पहिल्या दोन गोळ्यांबरोबर कचऱ्यात जाते. तू उलट्या टोकाकडून कापलीस, तारीख शेवटच्या गोळीपर्यंत राहील अशी. आणि कोपरे गोल केलेस, बोटाला लागू नयेत म्हणून. मी एकोणतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात कापड बेतलं. चाळीस चाळीस थर एकावर एक घालून, वरच्या थरावर खडूने आखून. माणूस कात्री कशी धरतो त्यावरून तो काय आहे ते मला कळतं. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

तुमच्या दोघांचं काय बिनसलं ते मी विचारलं नाही, आजही विचारत नाही. तुझे सासरे वारले आणि पुढच्या वर्षी तू घर सोडलंस. दोन बॅगा आणि टेबलफॅन. जाताना तू माझ्या तिन्ही गोळ्यांचा महिन्याचा साठा डब्यांत भरून ठेवलास आणि झाकणांवर वारांच्या पट्ट्या लावल्यास. त्यानंतर काही आठवड्यांनी मुलगा मला म्हणाला, आई, आता तिला फोन करत जाऊ नकोस, आम्हाला दोघांनाही मोकळं व्हायचंय. त्याचं बोलणं वावगं नव्हतं. तो रागाने बोललाही नव्हता. मी 'बरं' म्हटलं. दिलेला शब्द मी पाळते, हे तुला माहीत आहे. तुझं पहिलं पुडकं आलं तेव्हा ते टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये पडून होतं. साठ गोळ्या, सहा पट्ट्या, रबरबँड आणि एक चिठ्ठी. त्याने पुडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, औषध आहे ना, मग येऊ दे. मी लगेच सांगून टाकलं की ही गोळी इथे मिळत नाही. ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. समोरच्या फळीवर, खोकल्याच्या औषधाशेजारी. तुला ते माहीत असणारच. तरी तू पुडकी पाठवत राहिलीस.

असा आपला व्यवहार ठरला. गोळ्या संपल्या की मी एक पोस्टकार्ड टाकायचं, 'गोळ्या संपल्या', आणि आठवड्याभरात पुडकं यायचं. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला नेहमी तेच. रोज एक, आकड्यात आणि अक्षरात. दुपारच्या जेवणाबरोबर. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी. पाणी भरपूर. मागची बाजू मात्र मोकळी होती. पहिल्या चिठ्ठीच्या मागे एकच ओळ होती: 'खोलीला दोन खिडक्या आहेत, एकीतून शाळा दिसते.' दुसरीच्या मागे: 'मधल्या सुट्टीत फार आवाज येतो, बरं वाटतं.' मग त्या आजोबांची, ज्यांनी डोळ्यांत घालायचे थेंब आठ दिवस कानात घातले आणि फरक आहे म्हणून सांगायला आले. तू लिहिलं होतंस, कानाला आता स्पष्ट दिसतं का, असं विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. ती मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचली आणि एकटीच हसले. चौथीच्या मागे होतं: 'केस कापले. तुम्हाला आवडणार नाही.' बस, एवढंच. किती कापले, कानापर्यंत की खांद्यापर्यंत, काही नाही. आणि पुढची चिठ्ठी दोन महिन्यांनी.

आता सांगते. साठ गोळ्या रोज एक घेतली तर साठ दिवस पुरतात. रोज दोन घेतल्या तर तीस. हे गणित मला एका दुपारी जेवताना सुचलं आणि मी दुसरी गोळी फोडली. तू विचारशील, फेकून का नाही दिल्या. मीही स्वतःला विचारलं. मोरीत टाकायला एक गोळी हातात घेतलीही होती. पण मी तुला 'गोळ्या संपल्या' असं लिहिणार होते. तसं लिहायचं, तर त्या संपलेल्या असायला हव्यात. फेकलेल्या गोळ्यांना संपल्या म्हणणं मला खोटं वाटलं. इतक्या मोठ्या खोट्याच्या आत बसून मी एवढंसं खरं सांभाळत होते. शिवाय वाटलं, कॅल्शियम तर आहे, दुधात असतं तेच, हाडं जरा जास्तच मजबूत होतील. तू चिठ्ठीवर 'एक' लिहितेस ते मला सावधपणाचं वाटलं, कापडाला शिवणीत अर्धं बोट जास्त सोडतात तसं. दुसरी गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायची, म्हणजे लोहाच्या गोळीला खेटून. तुझ्या दोन जावा मी एका ताटात बसवल्या. लोहाचा उपयोग होईना, जिना चढताना धाप लागायला लागली. ती मी वयावर ढकलली.

पण तुला फसवणं सोपं नव्हतं. महिन्यातच पोस्टकार्ड गेल्यावर तू विचारलंस, इतक्यात कशा संपल्या. मग मी वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना पुढे केलं. लिहिलं की त्याही यातलीच एक घेतात. तू ताबडतोब त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी पाठवलीस. त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा, दुसऱ्याचं औषध घेऊ नये. कधी मुतखडा झाला होता का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, दूध किती घेतात. मी बसून त्यांची उत्तरं लिहिली. त्यांच्या डॉक्टरांची परवानगीही मीच दिली. तू म्हणालीस, मग दोन पुडकी एकदम पाठवते. मी कळवलं, नको, इथली हवा दमट आहे, गोळ्या मऊ पडतात. नऊ महिने असे गेले. तुझ्या चिठ्ठ्या लांबत गेल्या. मग महिनाही मोठा वाटायला लागला. मी शिक्षिकाबाईंना एक थोरली बहीण दिली. गावाहून राहायला आलेली, गुडघे दुखणारी. आता रोज तीन गोळ्या आणि वीस दिवसांत पुडकं. त्याच गोळीत ड जीवनसत्त्वही होतं, म्हणजे तेही तिप्पट. छातीत जळजळायला लागलं म्हणून मी दुकानातून चघळायच्या गोळ्या आणल्या, दिवसाला चार-पाच. त्या कॅल्शियमच्याच असतात, हे मला हॉस्पिटलात कळलं. बहिणीला कधी मुतखडा झाला होता का, असं तू विचारलं होतंस. मी लिहिलं, नाही. त्यांना नव्हताच, तो मला होणार होता.

शेवटच्या महिन्यात तहान इतकी लागायची की तांब्या उशाशी घेऊन बसायचे. पोट आठ आठ दिवस साफ नाही. अन्न समोर आलं की मळमळ. एकदा किल्ली हातात घेऊन आपल्याच दारासमोर उभी होते आणि तिचं काय करायचं ते आठवेना. तरीही दुपारची गोळी विसरले नाही, रात्रीच्या दोनही नाही. मुलाने कार्यालयातून येऊन मला जमिनीवर बसलेलं पाहिलं आणि रिक्षा आणली. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कॅल्शियम किती घेत होता. मी म्हटलं, सून पाठवते, तिने लिहिलंय तितकं. हे माझं वाक्य. तीन जणींच्या चिठ्ठ्यांची बेरीज धरली तर यात एकही शब्द खोटा नाही असं म्हणता आलं असतं, पण त्याचा अर्थ काय होतो ते मला बोलतानाच कळलं होतं. मुलाने वॉर्डाबाहेर जाऊन तुला फोन लावला. दार नीट बंद होत नव्हतं. तो म्हणाला, तू काय पाठवत होतीस तिला, तुझं कामच ना हे. मग त्याने विचारलं, वरच्या बाई आणि त्यांची बहीणही घेतात? मी डोळे मिटून पडून राहिले. मला तेव्हा उठून बाहेर जाता आलं असतं. हातात सुई होती हे खरं, पण सलाइनच्या दांडीला चाकं होती.

शिक्षिकाबाई भेटायला आल्या, संत्री घेऊन. मुलाने त्यांना आधीच जिन्यात गाठून सांगितलं होतं की तुम्ही आणि तुमच्या बहिणीनेही त्या गोळ्या बंद करा. त्या माझ्या खाटेशी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, मी कुठे कॅल्शियम घेते हो, आणि मला बहीण कधी झाली? मी पांघरुणाची घडी घालायला घेतली. पस्तीस वर्षं त्यांनी वर्गात पोरांचे चेहरे वाचले आहेत. एक संत्रं सोलून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, मी कुणाला सांगणार नाही, तुम्हीच सांगा. त्यावर मी दहा दिवस काढले. मग तुझं पत्र आलं. त्यातलं गोदाम वाचलं आणि त्याच संध्याकाळी मुलाला समोर बसवून सगळं सांगितलं. शेवटी तो उठला, चप्पल घातली आणि बाहेर गेला. अर्ध्या तासाने आला तो तीच गोळ्यांची पट्टी हातात घेऊन. म्हणाला, ही इथे मिळते. म्हटलं, मिळते. केव्हापासून? पहिल्यापासून. तो खुर्चीत बसला आणि पट्टी हातात उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, आई, तू मला सांगायचंस ना, की तुला तिच्याशी बोलायचंय. मी म्हटलं, तुला 'बरं' म्हटलं होतं मी. तो म्हणाला, धन्य आहे तुझी. त्याने ते ज्या तऱ्हेने म्हटलं, ते ऐकून मला त्याचे वडील आठवले. तो तुला पत्र लिहिणार आहे, त्याचं तो लिहील. त्यातून दुसरं काही काढू नकोस. मीही काढत नाही.

आमच्या कारखान्यात कापलेल्या प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी बांधलेली असायची. कोणी बेतलं, किती थर, कोणतं माप. एकदा दोनशे शर्टांच्या बाह्या आखूड निघाल्या आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मलाही वाटायला लागलं की माझीच टेप सरकली असेल. इतक्या लोकांनी पाहिलं की माणसाला आपल्याच हाताचा भरवसा राहत नाही. मास्तर म्हणाले, थांबा, आधी चिठ्ठी काढा. चिठ्ठीवर माझं माप बरोबर होतं, चूक पुढे शिवणाऱ्याची होती. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर उभी राहिले. म्हणून या पत्रासोबत तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या पाठवते आहे. सतरा आहेत. ओळीने लावून, कोपऱ्यात दोऱ्याचा टाका घालून. शिक्षिकाबाईंच्या दोन वेगळ्या आहेत, त्या गमतीसाठी. सतराच्या सतरा वेळा तू 'रोज एक' लिहिलं आहेस, आकड्यात आणि अक्षरात, कुठेही गिरवलेलं नाही, खोडलेलं नाही. त्या मालकांसमोर ठेव आणि काउंटरवर जाऊन बस. त्यांना पुढचीच बाजू दाखव, मागची माझी आहे. डब्यातून काढताना सगळ्या एकदा वाचल्या, आता डबा रिकामा आहे. मुलगा रोज दुपारी जेवणाच्या वेळी कार्यालयातून फोन करून 'घेतली ना' असं विचारतो. गोळी डॉक्टरीणबाईंनी एक महिना बंद ठेवायला सांगितली आहे, तो महिना मी मोजून पाळते आहे. तो फोन करतो तेव्हा मी 'घेतली' म्हणते ती दह्याची वाटी असते, हे त्यालाही माहीत आहे. पाकिटावरचा पत्ता त्याच्याच अक्षरात आहे, तू ओळखलं असशील. तुझं काम झालं की त्या चिठ्ठ्या मला परत हव्यात. टपालाने पाठवू नकोस. केस किती कापलेस ते मला बघायचं आहे.

तुझीच,
आई